ॲक्सिलरेटर टीचर

आमच्या टीचर 'नाही' म्हणायच्या आधी समोरच्याला खुर्ची द्यायच्या. गिरीजला त्यांची केळीची वाडी होती, वाडीच्या तोंडाशी कौलारू घर आणि घराला लांबलचक ओटी. नव्वदच्या दशकात वसईतल्या प्रत्येक वाडीवर कोणा ना कोणाचा डोळा होता. जमिनीचे दलाल सारखे यायचे. टीचर त्यांना बसवायच्या, पाणी द्यायच्या, वाडीतली केळी पुढे करायच्या, सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकायच्या आणि मग म्हणायच्या, "नाही." कारण द्यायच्या नाहीत. "कारण दिलं की माणूस त्याच्यावर उत्तर शोधून आणतो," त्या म्हणायच्या. "नुसत्या 'नाही'ला उत्तर नसतं."

त्या वसईतल्या एका ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायच्या. ॲक्सिलरेटर टीचर हे नाव त्यांना आमच्या आधीच्या कुठल्या तरी बॅचने ठेवलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं. अकरावीच्या पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर तो एक शब्द लिहिला आणि विचारलं, "हे काय असतं?"

मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडलं, "गाडीचा, टीचर! पायाखालचा!"

"बरोबर. पण मी ज्याच्यावर काम केलं तो पायाखाली मावत नव्हता. इमारतीएवढा उंच होता."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या वयात त्या मुंबईच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागल्या होत्या. तिथे एक उंच नळी होती, आतली सगळी हवा काढून घेतलेली. वरून प्रोटॉन सोडायचे, विजेच्या दाबाने त्यांना ढकलत खाली आणायचे आणि एखाद्या धातूच्या पातळ पत्र्यावर आपटायचे. आपटल्यावर काय उडतं, त्यावरून अणूच्या पोटात काय आहे ते कळायचं. "निघालेल्यातले कितीतरी वाटेतच नळीला चिकटून संपायचे," त्या म्हणाल्या. "आम्ही फक्त पोचलेले मोजायचो." नालासोपाऱ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आठवड्यातून चार दिवस पाणी यायचं आणि इथे एक बाई प्रोटॉन मोजून आली होती!

ती नोकरी त्यांनी सोडली, कारण आईला पक्षाघात झाला आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. गावात लोक हळहळायचे. एकदा चर्चबाहेर त्यांच्या एका नातेवाईक बाईने माझ्यादेखत म्हटलं, "एवढी शिकून पुढे गेलीस आणि शेवटी मागे आलीस गं." टीचर तिथल्या तिथे थांबल्या. रागावल्या की त्या त्यांच्या घरच्या बोलीत बोलायच्या, ती मला अर्धीच कळायची. पण हे त्यांनी मुद्दाम माझ्याही कानावर पडावं म्हणून साध्या मराठीत सांगितलं. "मागे आले नाही. वळले. वेग वाढला तर त्वरण, कमी झाला तरी त्वरण आणि वळलं तरी त्वरणच. पुस्तकात आहे. वाच." ती बाई काय वाचणार होती! पण मला ती व्याख्या आयुष्यात पुन्हा पाठ करावी लागली नाही.

आम्ही लालबागची खोली विकून नालासोपाऱ्याला फ्लॅट घेतला होता. पप्पा मुंबईत एका छापखान्यात होते. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. अकरावीत सगळं इंग्रजीतून सुरू झालं आणि माझं जहाज बुडायला लागलं. बारावीच्या सहामाहीत फिजिक्समध्ये मी नापास झाले. माझ्यासारखी आणखी काही मुलं होती, बहुतेक मराठी शाळांतली. दिवाळीनंतर प्रिन्सिपॉल सरांनी आमच्या पालकांना बोलावून घेतलं आणि गोड आवाजात समजावलं, की यंदा कॉलेजचा निकाल शंभर टक्के लागायला हवा, तेव्हा या मुलांनी कॉलेजातून नाव काढून बाहेरून परीक्षेला बसावं. मुलांच्याच भल्याचं आहे. इथे सही करा.

पप्पांनी विचार करायला दोन दिवस मागितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीचर आमच्या दारात उभ्या. जिने चढून धापा टाकत होत्या. आईने घाईघाईने पलंगावरची चादर सारखी केली.

"सही केलीत?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

"नाही अजून," पप्पा म्हणाले. "पण टीचर, कॉलेजशी वैर घेऊन आम्ही कुठे जाणार? आम्ही इथे नवीन माणसं."

"वैर मी घेते. तुम्ही फक्त सही करू नका. फी भरलीय, वर्गात बसलीय, ती इथूनच परीक्षेला बसणार."

"आणि नापास झाली तर?"

"तर नापास होईल. तो तिचा हक्क आहे."

नापास होण्याचा हक्क असतो हे पप्पांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते हसले, मग गंभीर झाले. टीचर चहा पिऊन पुढच्या मुलाच्या घरी गेल्या. असं त्या सगळ्यांकडे गेल्या. कोणीही सही केली नाही.

प्रिन्सिपॉल सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. आत काय झालं ते केबिनबाहेर बसणाऱ्या क्लार्कमुळे दुसऱ्या दिवशी कॉलेजभर झालं. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही संस्थेच्या वेगाला ब्रेक लावताय." टीचर म्हणाल्या, "सर, मुलं खाली उतरवून गाडी पळवायची असेल तर ड्रायव्हर दुसरा बघा." त्यानंतर रोज कॉलेज सुटल्यावर त्या आम्हाला लॅबमध्ये बसवून मराठीतून शिकवू लागल्या. लॅबची किल्ली काढून घेतली, तेव्हा आम्ही पोर्चमध्ये बसलो. तिथूनही उठवलं, तेव्हा गिरीजच्या ओटीवर बसलो.

निकाल लागला. आमच्यातली सगळी पास झाली, एक सोडून. ती मी.

कॉलेजचा शंभर टक्के निकाल माझ्यामुळे हुकला. मी तीन दिवस घराबाहेर पडले नाही. चौथ्या दिवशी आई मला हाताला धरून गिरीजला घेऊन गेली. टीचर विहिरीजवळ मोटर दुरुस्त करत होत्या. हात ग्रीसने काळे झालेले. मी रडायला लागले. म्हटलं, "टीचर, मी तुमचं नाक कापलं."

"माझं नाक जागेवर आहे," त्या म्हणाल्या. "आणि तू नापास झालीस, हाकलली गेली नाहीस. यात फार फरक आहे. नापास झालेला पुन्हा बसतो. हाकललेला स्वतःलाच हाकलत राहतो. जा, हात धुवायला साबण आण आणि पुस्तक काढ."

जूनमध्ये त्यांच्याकडून बारावीचे तास काढून घेतले आणि त्यांना प्रयोगशाळेतल्या जुन्या सामानाची मोजदाद करायला बसवलं. त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. "मला काढलं म्हणून सांगू नका कोणाला," त्यांनी आम्हाला बजावलं. "मी सोडलं." ऑक्टोबरच्या परीक्षेत मी फिजिक्समध्ये पास झाले. फार नाही, पण धड पास झाले. आणि ओटीवरचा वर्ग त्या वर्षापासून कायमचा सुरू झाला. कॉलेजांनी, क्लासवाल्यांनी नाकारलेली मुलं तिथे यायची. प्रवेश परीक्षा नव्हती. बोळिंजपासून सायकली मारत मुलं यायची.

दोन-तीन वर्षांनी ओटीवर एक जुना कॉम्प्युटर आला. तो जोडला निनादने. हा निनादही बारावीला गटांगळ्या खाऊन आलेला, पण स्क्रू ड्रायव्हर हातात आला की त्याचा चेहरा बदलायचा. एकदा तो टीचरांच्या मागे लागला की यात ग्राफिक्स ॲक्सिलरेटर कार्ड टाकू या. टीचर चमकल्या. "काय कार्ड?" त्याने समजावलं, की मुख्य चिप सगळी कामं करून दमते. मग चित्रं रंगवायचं एकच काम या दुसऱ्या चिपला द्यायचं, म्हणजे सगळंच झरझर चालतं.

टीचरांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे इथे कोणी कोणाला ढकलत नाही," त्या म्हणाल्या. "इथे एकीच्या डोक्यावरचं काम दुसरी वाटून घेते. माझ्या आईच्या आजारपणात मला असं कार्ड कोणी दिलं असतं तर!" आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्गात तेच केलं. ज्याला आरसे आणि भिंगं समजली त्याने ती इतरांना शिकवायची, ज्याला वीज समजली त्याने वीज. त्या स्वतः फिरत राहायच्या. निनादला मात्र त्या कार्डावर खेळ खेळताना पकडलं, तेव्हा आठवडाभर वाडीला पाणी घालायला लावलं.

मी बी.एस्सी. केलं, मग रेडिओथेरपीचा डिप्लोमा केला आणि मुंबईत एका कॅन्सर हॉस्पिटलात लागले. तिथे मी जे मशीन चालवते त्याचंही नाव ॲक्सिलरेटरच. हे टीचरांना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीवरून उठून ओटीभर चालल्या. "इमारत कुठे गेली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आता एका खोलीत मावतो."

तो त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितला, पण बघायला यायचं कारण असं असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि पाच आठवड्यांसाठी त्या माझ्याच मशीनवर आल्या. मी वरिष्ठांना म्हटलं, मला दुसऱ्या ड्युटीवर टाका. टीचरांना कळलं तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "का? तुला येत नाही?"

"येतं."

"मग?"

पहिल्या दिवशी त्या टेबलावर आडव्या झाल्या, हात डोक्यावर घेतला आणि वरचं मशीन निरखत राहिल्या. मी लेझरच्या रेषा जुळवत होते. एक रेषा दोनदा चुकली.

"आत काय होतं ते सांग," त्या म्हणाल्या.

"टीचर, हलू नका."

"हलत नाही. तू बोल."

मी बोलू लागले. इलेक्ट्रॉन कुठून निघतात, सूक्ष्मलहरी त्यांना नळीतून कशा पुढे रेटतात, ते टंगस्टनवर आदळले की क्ष-किरण कसे निघतात. बोलता बोलता रेषा जुळल्या. बाहेर येऊन जाड दार बंद केलं. पडद्यावर त्या एकट्याच दिसत होत्या, ओठ हलत होते. नंतर मी विचारलं, "रोझरीची प्रार्थना म्हणत होतात का?"

"रोझरी घरी म्हणते. इथे संध्याकाळच्या तासाची तयारी करत होते."

डॉक्टरांनी वर्ग बंद ठेवायला सांगितलं होतं. टीचरांनी डॉक्टरांनाही बसायला खुर्ची दिली म्हणे, त्यांच्याच केबिनमध्ये.

मधली काही वर्षं चांगली गेली. मग आजार उलटला. त्याच सुमारास निनाद बंगळुरूहून आला. आता तो मोठा माणूस झाला होता, पण वाडीत शिरताना बूट हातात घेऊन आला. मी तेव्हा तिथेच होते.

"टीचर, आम्ही एक ॲक्सिलरेटर चालवतो," तो म्हणाला.

टीचर हसल्या. "तुझा किती मोठा?"

त्याने समजावलं. नव्या कंपन्या घ्यायच्या, काही महिने त्यांना जागा, सल्ला, थोडं भांडवल द्यायचं, बदल्यात हिस्सा घ्यायचा, आणि मग त्यांना मोठ्या गुंतवणूकदारांसमोर उभं करायचं. टीचरांच्या शिकवण्याची त्याला अशी कंपनी काढायची होती. मराठीतून फिजिक्स, महाराष्ट्रभर, कॉम्प्युटरवर. तो मनापासून बोलत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"आणि ज्या कंपन्या उभ्या राहत नाहीत?" टीचरांनी विचारलं.

"त्या बंद होतात. लवकर बंद झालेल्या बऱ्या. वेळ वाया जात नाही."

"बरोबर आहे. कंपनी बंद पडली तर तू दुसरी काढशील. पण माझ्या वर्गाचं कसं करणार?"

"सुरुवातीला एक चाचणी ठेवू. ज्यांना झेपणार नाही त्यांना—" तो थांबला. आपण कोणाच्या ओटीवर बसून काय बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"नाही," टीचर म्हणाल्या. आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी कारणही दिलं. "त्या नळीत निघालेले कितीतरी वाटेतच संपायचे, आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. ते प्रोटॉन होते. माझ्याकडे प्रोटॉन येत नाहीत, निनाद."

तो हळूच म्हणाला, "टीचर, वेळ कमी आहे, म्हणून घाई करतोय."

"वेळ माझा कमी आहे. मुलांचा नाही."

निनाद दोन दिवस राहिला. त्याने ओटीवर नवं वायरिंग करून दिलं, चार चांगले कॉम्प्युटर बसवले आणि हिश्श्याचं नावही काढलं नाही. टीचरांनी ते घेतले. त्यांचं भांडण निनादशी नव्हतंच.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसले होते. आवाज अगदी बारीक झाला होता. "रविवारचा तास तू घे," त्या म्हणाल्या.

"टीचर, तुमच्या हाताखालची इतकी हुशार मुलं आहेत. मी नापास झालेली."

"म्हणूनच. कुठे अडतं ते तुला ठाऊक आहे." मग डोळे मिटूनच म्हणाल्या, "आणि गोड बोलू नको त्यांच्याशी. समजव."

गुरुवारी त्या गेल्या. चर्चमागच्या दफनभूमीत उभं राहायला जागा नव्हती. कॉलेजने हार पाठवला होता. गर्दीतून तो पुढे न्यायला कोणी हात लावला नाही, शेवटी मीच नेला. त्यांना तो बघायला आवडला असता, असं म्हणणार नाही. पण त्यांनी तो बाहेरही ठेवला नसता.

रविवारी मी ओटीवर उभी राहिले तेव्हा मुलं चटईवर बसली होती आणि काही पालक पायरीशी उभे होते. एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, सिलॅबस कधीपर्यंत संपवणार? स्टेशनजवळचा क्लास डिसेंबरला संपवतो."

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "समजेल तेव्हा संपेल."

त्यांनी मुलाला खूण केली. तो उठला, त्याच्यामागे आणखी दोघं उठले. वाडीतून त्यांची गाडी बाहेर पडेपर्यंत मी थांबले. मग उरलेल्यांना विचारलं, "कुठपर्यंत समजलंय?"

कोपऱ्यातली एक मुलगी चाचरत म्हणाली, "काहीच नाही, टीचर."

मी खडू उचलला आणि म्हटलं, "चला, तिथूनच."