परातीतले आठ आकडे

"फुटते का बघ," असं म्हणत वहिनी परातीतल्या पिठावर बोटाने आकडे काढायच्या. ७३९३९१३३.

त्या वर्षी वालीवमधली बाबांची कंपनी बंद पडली होती. जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस दिवसभर खिडकीत बसून असायचा. आई लोकांचे ब्लाउज शिवायची. मी बारावीला. क्लास परवडत नव्हता, म्हणून फुलपाड्यातल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे गणित शिकायला जायचे. त्या एम.एस्सी.चं एक वर्ष करून लग्न होऊन आलेल्या. सासू अंथरुणाला खिळलेली. टँकर आला की वहिनी पाण्याला खाली उतरायच्या, तेवढा वेळ मी सासूजवळ बसायचं, हीच फी. एरवी त्या उंबरठ्याबाहेर दिसल्याच नाहीत. अशा बायका तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील. त्यांचा फक्त कुकर ऐकू येतो.

"ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, बाकी कशानेही भाग जात नाही." मग अंगठ्याने शेवटचा तीन पुसायच्या. उरलेलीही मूळ. पुन्हा शेवटचा आकडा पुसायच्या. तीही मूळ. पुसत पुसत एकटा सात राहायचा, तोही मूळ. मग पोळ्या सुरू.

एकदा मी विचारलं, "आणि शेवटी अजून एक आकडा जोडला तर?"

"जोड की. एक नाहीतर सात जोडलास तर तीनने भाग जातो. तीन आणि नऊ जरा दमवतात, पण फुटतात. बाकीचे तर बघायलाच नकोत. हिच्यातलं मागून काढून घे हवं तेवढं, काही होत नाही. पुढे मात्र जागा नाही."

आतून सासूची हाक आली, "अगं ए, मेलीस का?"

"आले, आई!"

बारावी पास झाले. बाबा म्हणाले, "बस झालं. बाकीच्या पोरी पॅकिंगला जातात, तूही जा." बी.एस्सी.च्या प्रवेशाला एकच दिवस उरला होता. मी वर जाऊन रडले. वहिनींनी ऐकून घेतलं, परात उचलली आणि तशाच खाली आल्या. टँकर आलेला नव्हता.

बाबांपुढे परात ठेवून त्यांनी पिठात तेच आकडे काढले आणि मागून एकेक पुसू लागल्या. "भाऊ, तुमची नोकरी गेली, तसा हा आकडा गेला. फुटलं का काही?"

बाबा गोंधळले. "वहिनी, मला यातलं काही कळत नाही. चहा घ्या."

वरून म्हातारीच्या शिव्या सुरू झाल्या. मी उठले, तर वहिनी म्हणाल्या, "तू बस." मग बाबांना म्हणाल्या, "माझ्यापुढे आकडा लागत नाही, भाऊ. हिच्यापुढे लागतोय. लागू द्या."

गणित बाबांच्या डोक्यावरून गेलं. पण म्हातारीला एकटं टाकून ही बाई खाली आलीय, एवढं त्यांना कळलं. "उद्या जाऊन नाव घाल," ते म्हणाले.

मी दुसऱ्या वर्षाला असताना वहिनींच्या घरच्यांनी म्हातारीला गावी न्यायचं ठरवलं. टेम्पोत मागे, म्हातारीच्या गादीला टेकून वहिनी बसल्या होत्या. मांडीवर परात. मी धावत गेले.

"फुटते का बघ," त्या म्हणाल्या, आणि ड्रायव्हरने मागची फळी लावून घेतली.

मी गणितात बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी.