गुरम्माचे पाच चिंचोके

गुरम्माचं नाव निघालं की मडिवाळप्पा आजही हातातलं माप खाली ठेवतात आणि दोन शब्द तिच्याबद्दल बोलल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडत नाहीत. गिऱ्हाईक कंटाळलं तर कंटाळो.

रेणापूरजवळच्या गावात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान बावीस वर्षांचं. त्या आषाढात ते बुडायला आलं होतं. सोयाबीन विरळ उगवलं आणि गावानं निकाल देऊन टाकला, की मडिवाळप्पानं बोगस बियाणं विकलं. ज्यांच्या घरची लग्नं त्यांनी उभं राहून पार पाडली, ते लोक वाट बदलून जाऊ लागले. खरं सांगायचं तर आतल्या आत त्यांनाही आपल्या बियाण्याची शंका येऊ लागली होती.

अशात कृषी महाविद्यालयाची दामिनी गावात आली. शेतीतल्या अडचणी गावानंच सांगायच्या आणि क्रमही गावानंच लावायचा, हे करून घेणं तिचं काम. देवळापुढं तिनं रांगोळीनं चौकोन आखले. विहीर, रानडुक्कर, बाजारभाव, बियाण्याची पिशवी अशी चित्रं काढली आणि प्रत्येकाला पाच चिंचोके दिले. ज्या अडचणीनं जास्त गांजलं, तिच्यावर जास्त चिंचोके ठेवायचे. पहिली येईल ती तालुक्याला कळवली जाणार होती. मागं खांबाला टेकलेले मडिवाळप्पा पिशवीवरचा ढीग वाढताना बघत होते. आता आपलं नाव तालुकाभर होणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

बायकांची पाळी अर्थातच शेवटी आली. गुरम्मा उठली. साठीची बाई, स्वतःचं बोटभर रान नाही. पण तीस वर्षं गावातल्या एकूणएक शेतात खुरपं घेऊन बसलेली. कुणाच्या बांधाला किती हरळी आहे, हे मालकाआधी तिला ठाऊक. ती चौकोनांभोवती फिरली आणि दामिनीला म्हणाली, "पोरी, माझं चित्रच न्हाई हितं."

कसलं चित्र, तर गोगलगाईचं. बापेमाणसं हसली. गुरम्मा चिडली नाही. तिनं सगळ्यांना जवळच्याच संगप्पाच्या रानात नेलं. बोगस बोगस म्हणून सगळ्यात मोठा आवाज संगप्पाचाच होता. बांधालगतचा ओल्या गवताचा ढीग तिनं पायानं उलटवला. खाली ओंजळी भराव्यात इतक्या गोगलगाई. मग वाकून तिनं कुरतडलेले कोवळे देठ दाखवले. विरळ जागी पुन्हा दाणे टोकायला ती भल्या पहाटे यायची, तेव्हा हे रोज बघायची. उन्हं चढल्यावर येणाऱ्या मालकांना काय दिसणार? मग आधी सांगितलं का नाही, असं संगप्पानं विचारलं.

"इचारलं कुणी?" गुरम्मा म्हणाली.

परत आल्यावर दामिनीनं गोगलगाईचा नवा चौकोन आखला आणि गुरम्मानं आपले पाच चिंचोके त्यात ठेवले. संगप्पानं मान खाली घालून आपले पाचही चिंचोके पिशवीवरून उचलले आणि तिथं ठेवले. मग बाकीच्यांनीही ठेवले. मडिवाळप्पांचे डोळे भरून आले.

लोक पांगल्यावर त्यांनी तिच्यापुढं हात जोडले. "अक्का, तुमचे लई उपकार झाले. माझी अब्रू राखली तुमी."

"तुमच्यासाठी न्हाई बोलले, अप्पा," ती म्हणाली. "बी खराब असतं तर तेबी असंच सांगितलं असतं."

साऱ्या गावानं येऊन माफी मागितली असती, तरी मडिवाळप्पांना इतकं बरं वाटलं नसतं.