पोटुशी बायको आणि नानेटीची पिल्लं

लहान बाळांना मी हात लावत नसे. (कारण ती वळवळतात.) बारशाला कुणी मांडीवर मूल द्यायला आलं, की मला हमखास फोन यायचा. बायको, मनीषा, सात महिन्यांची पोटुशी होती आणि तिला बाळंतपणापेक्षा माझीच काळजी जास्त होती.

अशात धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या आमच्या घरी, बैलांसाठी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, ओढताना ढिगाखालून पेन्सिलीएवढी सापाची पिल्लं निघाली. एक नाही, चांगली दहा-बारा! मी काठी उचलली.

"ठेव खाली," आई कडाडली. "घरात पोटुशी बाई हाय अन् तू साप मारून राहिला?"

बायको पोटुशी असताना नवऱ्यानं साप मारायचा नाही, असं आमच्याकडे मानतात. मी काठी टाकली आणि खाटेवर चढलो. (खाटेवर चढू नये, असं कुणी सांगितलेलं नाही.) मनीषानं ओळखीच्या सर्पमित्राला मोबाइलवर फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "नानेटी आहे, बिनविषारी. पाण्याजवळ गवतात सोडा. तोवर कोंबड्यांपासून जपा."

कोंबड्यांना बातमी आधीच लागली होती. लाल कोंबडी तर मान लांब करून निघालीही होती! आईनं साऱ्या जणी हाकलून न्हाणीत कोंडल्या. आता पिल्लं उचलायची कुणी? आईचे गुडघे धरलेले, मनीषाला वाकता येईना. उरलो मी. मी स्वयंपाकघरातून सांडशी आणली.

"सांडशीनं?" मनीषा म्हणाली. "आपलं बाळबी असंच उचलान काय तुमी?"

तिचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं. सांडशी ठेवली, डोळे मिटले आणि हात पुढे केला. पिल्लू बोटाला वेटोळं घालून बसलं. गार, हलकं आणि माझ्याहून जास्त घाबरलेलं. मग एकेक करत सगळी बादलीत गेली.

शेतातल्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठी ती गवतात सोडली. शेवटचं पिल्लू बोट सोडीना, आणि खरं सांगतो, मलाही ते सोडवेना. मनीषा शेजारी उभी राहून गालात हसत होती.

पुढे दवाखान्यात मुलगी झाली. नर्सनं दुपट्यात गुंडाळून आणली, तसे मी मोठ्या ऐटीत हात पसरले. पोरीनं माझं बोट घट्ट धरलं. मला दरदरून घाम फुटला.

"कायले भेऊन राहिला, बाबू?" आई म्हणाली. "त्या नानेटीले दात तरी होते. हिले त तेबी नाहीत."