दुधाची वात

निरांजनाच्या वाती वळताना बोटांना दूध लावलं की ओल्या कापसाचा तो वास येतो, आणि मी सत्तर वर्षं मागे जाते.

गोंडपिपरीजवळच्या आमच्या मासेमार ढिवरांच्या गावात कुत्र्यांनी एका मांजरीला मारलं. डोळे न उघडलेली तिची तीन पिल्लं मी टोपलीत घालून घरी आणली. आठवड्यापूर्वीच आमचं तान्हं बाळ गेलं होतं. मायचं दूध मात्र थांबलं नव्हतं. ते कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून काकी रोज वाटीतून नेऊन नदीत सोडायची.

त्या दिवशी मायनं वाटी धरून ठेवली. "नदीले काऊन देता बाई? इथी भुकेले हायेत नं." कापसाची वात त्या दुधात बुडवून तिनं पिल्लाच्या तोंडात धरली. ते चुटचुट चोखू लागलं.

महिन्याभरानं पिल्लं ताटलीतलं माशाचं पाणी आपणहून चाटू लागली. मी नाचत ओरडले, "माय, आता यायले तुह्या दुधाची गरज नाई!"

हातातली वात पदराच्या टोकाला बांधून माय चुलीकडे तोंड करून बसली. धुरानं तिच्या डोळ्यांत पाणी आलंय, असं मला वाटलं.

चूल तेव्हा पेटलेलीच नव्हती.