बुचे निवडणारी फेलिझ्मिना

फेलिझ्मिना ग्राझिना हिने कारखान्यात एकेचाळीस वर्षे बाटल्यांची बुचे निवडली. समोरच्या पट्ट्यावरून बुचे सरकत असत आणि चिरलेले, किडीने पोखरलेले किंवा बुरशीचा वास येणारे बूच ती हात न थांबवता बाजूला टाकत असे. ज्या सालीपासून ती बुचे बनत, ती साल मी ओकच्या झाडांवरून कुऱ्हाडीने उतरवत असे. त्या काळी आम्हा दोघांनाही स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते. आज आम्ही पोर्तुगालच्या आलेंतेजु भागातल्या आमच्या गावच्या शाळेत प्रौढांच्या वर्गाला बसतो. ती एकाहत्तर वर्षांची आहे, मी चौऱ्याहत्तर.

शाळेचे विद्यार्थी दर मे महिन्यात एक वाङ्मयीन अंक काढतात. आम्हीही विद्यार्थीच असल्यामुळे निवड समितीवर आमच्या वर्गाचे एक माणूस असते. आम्ही फेलिझ्मिनाला पाठवले. पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, "मला बोट ठेवून एक पान वाचायला अर्धा तास लागतो. तोवर तुमचं सूप गार होईल. मोठ्यानं वाचा. आणि नावं वाचू नका."

तेव्हापासून संपादक ईरिश, वय वर्षे सतरा, सर्व लेखन मोठ्याने वाचते. फेलिझ्मिना डोळे मिटून ऐकते. उजवा हात टेबलावर असतो. तो बाजूला सरकला की लेख गेला.

"आजी, यात वाईट काय आहे?" ईरिशने एकदा चिडून विचारले.

"वाईट काही नाही गं. पण शेवटी शेवटी लिहिणाऱ्यालाच कंटाळा आलाय. तुझा आवाजसुद्धा पडला बघ तिथं."

गेल्या अंकाच्या बैठकीत एका लेखावर तिचा हात जागचा हलला नाही. लेखात एक आई होती. थंडीत पीठ फुगावे म्हणून ती परातीवर नवऱ्याचा कोट पांघरत असे. नवरा खाणीतून घरी आला, तेव्हा त्याच्या कोटाला पावाचा वास येत होता.

पाच लेखांनंतर ईरिश तेच शब्द पुन्हा वाचू लागली. अक्षर वेगळे होते. नावे उघडली गेली. पहिले नाव आमच्या वर्गातील कुस्तोदिया हिचे होते, दुसरे माझे.

"नियम आहे," ईरिश म्हणाली. "लेख कुणाचा हे ठरलं नाही, तर दोन्ही बाद."

कुस्तोदियाचे वय ऐंशी होते. जूनमध्ये ती मुलीकडे फ्रान्समध्ये लियोंला कायमची जाणार होती. पुढचा अंक तिच्यासाठी नव्हता.

"एर्मिनियोला बोलवा," फेलिझ्मिना म्हणाली. "समोरच्या कॅफेत पत्ते कुटत बसला असेल."

मी तेथेच होतो. चांगली पाने हाती असताना उठावे लागले.

"एर्मिनियो, हे कुणी लिहिलं?"

"मी."

"काका, हेच कुस्तोदियाबाईंच्या नावानंही आलंय!" ईरिश ओरडली.

"हो, तिचंच आहे."

फेलिझ्मिना पुढे झुकली. "थांब गं. काय रे, तो कोट कुणाच्या बापाचा?"

"कुस्तोदियाच्या. माझ्या बापाकडे कोट कुठं होता?"

"मग खाली तुझं नाव का?"

"अक्षर माझं आहे म्हणून. दर गुरुवारी वर्गात बाई सांगतात ना, शेजाऱ्याचं पान स्वच्छ उतरवा, खाली आपलं नाव घाला. चार दिवस लागले मला. पोरी, एक खाडाखोड दाखव त्यात."

ईरिशला हसू फुटले आणि लगेच ती लाजली. फेलिझ्मिना हसली नाही.

"आमच्यासाठी लिहिणं म्हणजे हाताचं काम, पोरी. यानं चोरी केलेली नाही." मग ती माझ्याकडे वळली. "पण एर्मिनियो, एकेचाळीस वर्षं बुचं माझ्या हातातून गेली, म्हणून ती माझी झाली का?"

"नाही."

"लेख कुणाचा?"

"कुस्तोदियाचा."

"ठरलं. ईरिश, आता तुझा नियम वाच. कुणाचा हे ठरलं नाही, तर बाद. इथं ठरलंय."

ईरिशने नियम दोनदा वाचला आणि कुस्तोदियाचे पान निवडलेल्या गठ्ठ्यात ठेवले.

"आणि माझं अक्षर?" मी विचारले.

"अक्षर झकास आहे. पण त्यात तू कुठंच नाहीस. घरी जा आणि तुझं तू लिही." बोलता बोलता तिच्या हाताने माझे पान बाजूला सारले होते.

मे महिन्यात कुस्तोदियाचा लेख नवव्या पानावर छापून आला. अंकाच्या पाच प्रती टॉवेलात गुंडाळून तिने लियोंला नेल्या.

पुढच्या अंकासाठी मी दोन लेख दिले. दोन्ही फेलिझ्मिनाने परत पाठवले. साल उतरवण्यावरील लेखाबद्दल ती म्हणाली, "झाड दिसतंय. कुऱ्हाड कुठाय?" तिचे म्हणणे बरोबर होते.

हा माझा तिसरा लेख आहे. तो तिच्याविषयी असल्यामुळे निवडीच्या वेळी ती खोलीबाहेर बसणार आहे. हा मी कोणाचे पाहून उतरवलेला नाही. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, ती तशीच राहू दिली आहे. खाली माझे नाव घातले आहे.

एर्मिनियो कार्राप्यातु