पाच बोटांचा हात

चिंचवडला नवं नाट्यगृह उभं राहिलं तेव्हा आमच्या सासूबाईंनी रस्त्यावरूनच विचारलं, "गिलावा करायचा ऱ्हायला व्हय?" राहिला नव्हता. उघडं काँक्रीट म्हणजे आधुनिक वास्तुकला, असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. छप्पर म्हणे उघडणाऱ्या पडद्यासारखं. आम्हाला ते पालथ्या सुपासारखं दिसे. दारापर्यंत दम लागेल इतक्या पायऱ्या, आणि बायकांचं स्वच्छतागृह कुठे दडवलंय ते बांधणाऱ्यालाच ठाऊक.

दर्शनी भागात श्रमिकाचा भव्य हात उभारायचं ठरलं. मुंबईहून शिल्पकार आले, माझ्या नवऱ्याच्या कारखान्यातले झाडून सगळे हात पाहिले आणि यांचा निवडला. हे प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा कापताना उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेलेली. शिल्पकार म्हणाले, "मला हाच हवा, जसा आहे तसा." तोवर हे पाहुण्यांसमोर चहा डाव्या हातानं घेत. त्या दिवशी उजव्या हातानं घेतला. प्लास्टरचा साचा देऊन आले, तर शेजाऱ्यांना बोलावून हात दाखवत बसले. मला माझ्या लग्नातही एवढा आनंद झाला नव्हता, खोटं कशाला सांगू!

उद्घाटनाला मी ठेवणीतली साडी नेसले. कापड ओढलं गेलं. हात दोन पुरुष उंच होता आणि त्याला चांगली पाच बोटं होती. खाली पाटी, 'श्रमिकाचा हात'.

"राव, बोटं उगवली की तुझी!" यांच्या शिफ्टमधला एक जण ओरडला. हे हसले. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. मी तडक शिल्पकारांना गाठलं.

"जसा आहे तसा म्हणाला होतात ना?"

ते घाम पुसत म्हणाले, "नाट्यगृहाच्या समितीचा निरोप आला, करमणुकीच्या जागी अपघाताची जाहिरात नको."

"मग ही दोन बोटं कुणाची?"

"कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांची. त्यांनी स्वतःहून साचा दिला."

मी वर पाहिलं. तीन बोटं खरबरीत, पेरांशी सुजलेली. उरलेली दोन गुळगुळीत, करंगळीचं नख हौसेनं वाढवलेलं. अनामिकेतली अंगठी काढायचंही साहेबांना सुचलं नव्हतं.

 घरी येताना हे म्हणाले, "जाऊ दे. सायबाची दोन बोटं तरी कामाला लागली."

त्या नाट्यगृहात पुढं पुष्कळ नाटकं झाली. आम्ही एकही पाहिलं नाही.