मास्तरांची सही

बुस्तामाम मास्तरांचं अक्षर इतकं देखणं, की आसपासच्या तीन गावांतले निकाहाचे कागद त्यांच्याच हातचे असत. डचांनी शहर घेतलं, त्यांच्याशी लढणाऱ्या नव्या प्रजासत्ताकाची कचेरी सुमात्राच्या डोंगरात पळून आली, आणि सैनिकांच्या तांदळासाठी तिला स्वतःच्या नोटा छापायची वेळ आली. कागद शाळेच्या वह्यांचा, शाई पाणचट.

"सही मास्तरांची घ्या," कचेरीवाले म्हणाले. "लोक ओळखतात त्यांना."

'दहा रुपिया. युद्ध संपल्यावर चुकते करू.' त्याखाली मास्तर रोज दोनशे वेळा आपलं नाव लिहू लागले.

"उदा, पुरतं नाव कशाला घालता?" बायको सीनार म्हणाली. तिकडे नवऱ्याला 'उदा' म्हणतात. "मारा की एक रेघोटी."

"रेघोटी बघून तुला कोण तांदूळ देईल?"

फेब्रुवारीत मिरचीवाल्याने खबर आणली. डच नाक्यावर झडती घेतात, नोट सापडली की माणूस गाडीत. आणि विचारतात, हा बुस्तामाम कोण? पुढच्या बाजाराला मिरचीवाला आलाच नाही. सीनारने घरातली मास्तरांच्या हातची सगळी चिठोरी चुलीत घातली. मास्तर सह्या करत राहिले. कुत्रं भुंकलं की मात्र हात थांबायचा.

एका सकाळी शिपाई वर चढताना दिसले. सीनारने घाईघाईने नवऱ्याच्या उजव्या हाताला जखमेला बांधतात तशी चिंधी गुंडाळली. मशिदीसमोर पुरुषांची रांग लागली. बुस्तामाम कोण, ते कुणी सांगेना. मग डच साहेबाने कागद फिरवला. प्रत्येकाने एकच नाव लिहायचं: बुस्तामाम.

मास्तरांनी डाव्या हाताने कसंबसं खरडलं. शेजारी झैनून होता, कापड विकणारा, त्यांचा जुना विद्यार्थी. त्यांच्याच छडीखाली अक्षर घोटलेला. त्याने लिहिलं ते मास्तरांनी पाहिलं. तेच वळण.

साहेबाने नोट कागदाशेजारी धरली. "हाच."

"नाही हो साहेब! मी कापडवाला!" झैनूनने एकदाच मास्तरांकडे पाहिलं. नाव घेतलं नाही. मास्तरांनी चिंधीतला हात पाठीमागे घेतला.

गाडी गेल्यावर ते तडक रानात लपलेल्या कचेरीत आले, चिंधी सोडून बसले. प्रत्येक सहीखाली त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली.

"या नोटा आजच शहराच्या बाजारात पोचवा."

"मास्तर, त्यांना कळेल ना, सही करणारा अजून बाहेर आहे!"

"कळू दे. त्याशिवाय ते पोराला सोडायचे नाहीत."

नवव्या दिवशी गाडी पुन्हा वर आली. मास्तर अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून रस्त्यावर उभे होते. आत झैनून नव्हता.

"मी बुस्तामाम. झैनून कुठाय?" त्यांनी विचारलं.

साहेबाने दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्याने मास्तरांसाठी गाडीचं मागचं दार उघडलं.

मास्तर आणि झैनून, दोघांपैकी कुणीच परतलं नाही. झैनूनची आई पुढे सीनारच्या घरी राहायला आली. भात दोघी मिळून कांडत.